नवव्या पानावरच्या सह्या

"पान बदललंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि सगळ्यांना वाटतंय, ते मी बदललं."

खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी हे सांगून टाकलं. त्या दातांच्या डॉक्टर. दवाखान्यातून तडक आल्या असाव्यात, गळ्यात मास्क तसाच लोंबत होता. हातातली फाइल त्यांनी टेबलावर ठेवली, पण तिच्यावरचा हात काही उचलला नाही.

वहिनींनी त्यांच्याकडे पाण्याचा पेला सरकवला. वहिनी विमा कंपनीत बावीस वर्षं दाव्यांची तपासणी करत होत्या. नोकरी सुटली, पण खोड सुटली नाही, म्हणून आता घरातल्या पुढच्या खोलीत बसून लोकांच्या खाजगी चौकशा करत. शेजारी वही घेऊन बसले होते ते त्यांचे दीर. चाळीस वर्षं शाळेत मास्तरकी करून निवृत्त झालेले. सगळे त्यांना भाऊजीच म्हणत.

"पहिल्यापासून सांगा," वहिनी म्हणाल्या.

"आमच्या पाच घरांतली मुलं शाळेत जात नाहीत. आम्ही पालकच त्यांना शिकवतो."

भाऊजींची पेन्सिल थांबली. "शाळेत जात नाहीत म्हणजे?"

"म्हणजे घरी शिकतात. कधी एकाच्या घरी, कधी दुसऱ्याच्या. पण वाचनालयात खोली मागायला गेलो, तर विचारतात तुम्ही कोण. प्रयोगशाळेत गेलो, तर तेच. आम्ही कोणीच नव्हतो. म्हणून रीतसर ना-नफा संस्था नोंदवायचं ठरवलं. सहा महिने भांडून अकरा पानांची नियमावली केली. एका शनिवारी सुतारकाकांच्या कारखान्यात सगळी नियमावली मोठ्याने वाचली आणि पाच संस्थापकांनी पानापानावर सह्या केल्या. फाइल मी घरी नेली. सोमवारी सकाळी नोंदणी कार्यालयात दिली. दोन महिन्यांनी प्रमाणपत्र आलं, सोबत नियमावलीची शिक्क्याची प्रत. आणि नववं पान वेगळंच."

"म्हणजे शनिवार संध्याकाळपासून सोमवारपर्यंत फाइल तुमच्याकडे होती."

"तेच तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि अध्यक्षही मीच."

वहिनींनी दोन्ही पानं भाऊजींकडे दिली. "वाचा बरं."

भाऊजींनी चष्मा लावला. "मूळ मसुदा. कलम तेवीस : अध्यक्षांची मुदत एक वर्ष राहील. चोवीस : सर्व मुलांची नावे, जन्मतारखा व घरचे पत्ते नोंदवहीत लिहिले जातील आणि तिची प्रत दरवर्षी कार्यालयात दाखल केली जाईल. पंचवीस : सभेची सूचना सात दिवस आधी देण्यात येईल." त्यांनी पान बदललं. "आता नोंदलेलं. तेवीस : अध्यक्षांची मुदत तीन वर्षे राहील. चोवीस : लाभार्थी विद्यार्थ्यांची संख्या दरवर्षी कार्यालयास कळवावी. पंचवीस : सभेची सूचना पंधरा दिवस आधी."

"एकाची तीन वर्षं," डॉक्टरीणबाई कडवट हसल्या. "मला खुर्ची सोडवत नाही म्हणे. परवा रविवारी चारला सभा आहे. दोन घरं बाहेर पडणार. पाचातला एक संस्थापक जरी गेला, तरी नोंदणी रद्द. महिनाभर मुलं एकमेकांकडे गेलेली नाहीत. आम्ही त्यांना सांगितलंय, सुट्टी आहे."

त्या गेल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, चोर कधी स्वतःहून चौकशी मागायला येतो का?"

"विम्याच्या कामात निम्मे तसेच यायचे," वहिनी म्हणाल्या आणि चपला घालू लागल्या.

*

नोंदणी कार्यालयातला कारकून लोखंडी कपाटांच्या मधोमध बसला होता. त्याने मूळ फाइल काढून दिली, पण नजर हटवली नाही.

वहिनींनी आधी पानं वाचलीच नाहीत. अकराही पानं फाइलीतून सोडवली, टेबलावर ठोकून कडा जुळवल्या आणि गठ्ठा खिडकीकडे धरला. डावीकडच्या दोन भोकांतून उजेड आला. "काय दिसतं, भाऊजी?"

"भोकं."

"नीट बघा."

भाऊजींनी डोळा बारीक केला. भोकांच्या गोलात एका कागदाची कड नखाएवढी डोकावत होती. दहा पानांची भोकं एकावर एक चपखल, एकाची किंचित सरकलेली. ते नववंच पान होतं.

"म्हणजे पान मागाहून घातलंय," भाऊजी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर डॉक्टरीणबाईंचा तो फाइलीवरून न उठणारा हात आला.

वहिनींनी नववं पान टेबलावर आडवं धरलं. तळाशी पाच सह्या. पहिल्या तीन निळ्या, बारीक. पुढच्या दोन काळ्या, जाडजूड. चौथ्या सहीखाली कागदात बिनशाईची एक खोल रेघ उमटलेली होती. मग त्यांनी दहावं पान घेतलं आणि तेही तसंच तिरप्या उजेडात धरलं. बराच वेळ त्या त्याच्या तळाकडे बघत राहिल्या. तिथेही, फिकट का होईना, तशीच रेघ होती. त्या पानावरच्या पाचही सह्या मात्र काळ्या, जाड.

"नमुना नियमावली ठेवता का तुम्ही?" त्यांनी कारकुनाला विचारलं.

"ती काय, भिंतीपाशी गठ्ठा आहे. कोणीही उचलून नेतं."

वहिनींनी एक प्रत उचलली, चाळली आणि भाऊजींना एका जागी बोट ठेवून दाखवलं. अध्यक्षांची मुदत तीन वर्षे. लाभार्थी विद्यार्थ्यांची संख्या. सूचना पंधरा दिवस आधी.

"यांच्या बाकीच्या दहा पानांत 'विद्यार्थी' हा शब्द एकदाही नाही," वहिनी म्हणाल्या. "सगळीकडे 'मुलं'."

"मुलांची नावं आम्हाला लागतच नाहीत," कारकून आपणहून म्हणाला. "त्यांच्या मसुद्यात होती म्हणता? हौस असेल. इथे आलेला कागद कोणीही अर्ज करून बघू शकतो. अर्जावर कारणही लिहावं लागत नाही."

*

संस्थेचे चिटणीस जमिनीची मोजणी करणारे. त्यांच्या घरात सगळं काटकोनात होतं, बुटांची जोडीसुद्धा.

"मी कोणावर आरोप करत नाही," ते म्हणाले आणि लगेच केला. "पण फाइल दोन रात्री कुठे होती, ते सांगा ना."

"नावापत्त्यांचं कलम कोणी सुचवलं होतं?"

"मी. शेजारपाजारचे कुजबुजतात, ही मुलं खरंच शिकतात की नुसती हुंदडतात. म्हटलं, सगळं उघड ठेवू. लपवायचंय काय?"

"विरोध झाला?"

"मामांनी केला, ते बेकरीवाले. पूर्वी रेडिओवर होत्या त्या निवेदिकाबाई पण म्हणाल्या की गरज आहे का. मतदानात तीन विरुद्ध दोन."

त्या शनिवारचा हिशेब त्यांना मिनिटागणिक पाठ होता. सकाळी दोन प्रती छापल्या. एक सह्यांची. दुसरी मोठ्या अक्षरांची, निवेदिकाबाईंना वाचायला. "त्यांनी शुक्रवारी फोन केला होता. बारीक अक्षर दिसत नाही म्हणाल्या, चाळिशी उलटली की व्हायचंच. त्यांची प्रत त्यांच्या दारात टाकली. सह्यांची फाइल अकराला कारखान्यात ठेवली आणि कामावर गेलो. परत आलो चारला, थेट सभेलाच."

"दुसऱ्या प्रतीचं आणखी कोणाला ठाऊक होतं?"

"सांगायचं काय त्यात? सभेत कळलं सगळ्यांना."

"फाइलीची भोकं?"

चिटणीस दुखावले. "अकरा पानं एकदम, मोठ्या पंचने, एका दाबात. मी मोजणीवाला आहे हो."

"मग सभेत सही करताना तुम्ही नववं पान वाचलंत?"

"आत्ताच तर ऐकलं होतं," ते म्हणाले.

*

सुतारकाकांचा कारखाना म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड. एका बाजूला करवतीचं यंत्र, दुसऱ्या बाजूला मुलांसाठी केलेली बुटकी बाकं. बाकांवर भुशाचा थर साचला होता.

"महिना झाला, कोणी बसलं नाही," काका म्हणाले. बोलताना ते बाकाच्या कडेवर पॉलिशपेपर घासतच राहिले. "मला विचाराल तर मला कोणाचाच भरवसा वाटेनासा झालाय. बायको म्हणते, पोरांना साध्या शाळेत घाला आणि सुटा."

"सह्या कशा झाल्या?"

"इथे, या लांब बाकावर फाइल ठेवलेली. एका पानावर पाचही जणांनी सही करायची, मग पान उलटायचं. आधी डॉक्टरीणबाई, मग चिटणीस, मग निवेदिकाबाई, चौथा मी, शेवटी मामा. चिटणिसांचं पेन मध्येच आटलं. माझीच पाळी होती. मी आपला जोर लावतोय, उमटेना. मग लाकडावर खुणा करायचं माझं काळं पेन घेतलं, पुढच्या सगळ्या सह्या त्यानेच."

भाऊजींची पेन्सिल अडखळली. काहीतरी जुळत होतं, पण काय ते त्यांना पकडता येईना.

"अकरा ते चार फाइल कुठे होती?"

"त्या कपाटावर. तीनला मामा पावाचा ट्रे घेऊन आले. माझे हात सरसात बरबटलेले, म्हटलं तुम्हीच ठेवा आत. साडेतीनला निवेदिकाबाई. आवाज किती घुमतो ते बघायचं होतं त्यांना. मी यंत्रावर होतो, दोघांकडेही पाठ."

"वाचतात छान?"

"काय सांगू. रेडिओवर होत्या त्या, बातम्या सांगायच्या. अकरा पानं पाणी न पिता वाचली. मुलांना रोज दोन-दोन तास गोष्टी वाचून दाखवतात. आम्ही म्हटलं, एकदा रेकॉर्ड करून द्या, तर म्हणाल्या घसा साथ देत नाही. असेल बुवा."

*

मामांची बेकरी दोन गल्ल्या सोडून होती. बहिणीच्या दोन मुलांना तेच वाढवत होते. मुलांमुळे पडलेलं नाव मग सगळ्यांनीच उचललं.

"मी विरोध केला, कबूल," मामा म्हणाले. ते पिठाचे हात परत परत ॲप्रनला पुसत होते. "पोरांचे कागद अजून माझ्या नावावर झालेले नाहीत. बहीण गेली, कोर्टाची तारीख पडते आणि पुढे जाते. अशात कुठल्या कार्यालयात त्यांची नावं कशाला?"

"मसुदा तुम्ही कॉम्प्युटरवर पाहिला होता?"

"माझ्याकडे कुठला आलाय कॉम्प्युटर? भाचीने वाचून दाखवला. आणि ऐका, माझं म्हणणं मी तोंडावर सांगितलं, हरलो, सही केली. त्या डॉक्टरीणबाईंनी पान बदललं असेल, तर माझ्या फायद्याचंच झालं. पण म्हणून मी त्यांच्याशी बोलणार नाही."

रस्त्यात आल्यावर भाऊजींना राहवलं नाही. "वहिनी, मामाच. कारण आहे, संधी आहे, घाम फुटलाय."

"बेकरीत भट्टीपुढे उभं राहिलात, तर तुम्हालाही फुटेल."

*

निवेदिकाबाई तिसऱ्या मजल्यावर राहत. जिन्यात अंधार होता. दार साखळीच्या अंतराएवढंच उघडलं. वहिनींनी फटीतून आपलं कार्ड दिलं.

आतून एक स्वच्छ, भरदार आवाज आला, "'आधी वेळ ठरवल्याशिवाय भेट मिळणार नाही.' मग तुम्हीच कशा न कळवता आलात?" बोलण्यात हसू होतं. साखळी निघाली.

कार्डाच्या तळाशी हे वाक्य मुंगीएवढ्या अक्षरात होतं. भाऊजींनी ते छापखान्यात चष्म्यावर भिंग धरून तपासलं होतं.

खोली नेटकी, पण भिंती रिकाम्या. टेबलाशी नऊ-दहा वर्षांची मुलगी पृथ्वीगोलावर बोट फिरवत बसली होती. भाऊजींमधला मास्तर जागा झाला. "सर्वांत मोठा महासागर कोणता गं?"

मुलीने सांगितलं. वर त्याची खोली किती, आणि ती पहिल्यांदा कशी मोजली, हेही सांगितलं. भाऊजी चाट पडले.

"तुझं नाव काय?"

मुलीने आधी आईकडे पाहिलं. "मला सगळे पिंगा म्हणतात," ती म्हणाली. आईने तिला आतल्या खोलीत पाठवलं.

"रेडिओ का सोडलात?" वहिनींनी विचारलं.

"घसा."

इतक्यात फोन वाजला. निवेदिकाबाईंनी तो उचलून कानाला लावला आणि गप्प उभ्या राहिल्या. पलीकडून कोणी काही बोललं असावं, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "हां, बोला चिटणीस. हो, आलेत इथे."

बाकी उत्तरं त्यांनी सरळ दिली. साडेतीनला गेले होते. फाइलीला हात लावला नाही. मोठ्या अक्षरांच्या प्रतीतून वाचलं, ती चिटणिसांनीच दिली होती. डॉक्टरीणबाईंवर संशय आहे का, या प्रश्नावर मात्र त्या खिडकीकडे वळल्या. "त्या तशा नाहीत," एवढंच म्हणाल्या.

वहिनी उठल्या नाहीत. "मुलगी आत आहे," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "म्हणून हळू बोलते. पान तुम्ही बदललंत."

भाऊजींच्या मांडीवरून वही घसरली. निवेदिकाबाई हलल्या नाहीत.

"सगळे एकच धरून बसलेत, की सह्या झाल्यावर कोणीतरी पान बदललं," वहिनी सांगू लागल्या. "तसं असतं, तर नव्या पानावरच्या पाच सह्या खोट्या असत्या. त्या खऱ्या आहेत. काकांच्या पाळीला पेन आटलं, त्यांनी जोर लावला, मग काळं पेन घेतलं. कार्यालयातल्या नवव्या पानावर नेमकं तेच दिसतं. तीन निळ्या, दोन काळ्या, आणि चौथ्या सहीखाली कोरडी रेघ. त्या रेघेचा दाब खालच्या दहाव्या पानावरही उतरलाय. म्हणजे त्या सभेत, त्या बाकावर, हेच पान फाइलीत होतं. पाचही जणांनी यावरच सही केली. डॉक्टरीणबाई त्यातून सुटल्या."

"पण वहिनी, सगळ्यांनी तर एक वर्ष ऐकलं होतं," भाऊजी म्हणाले.

"ऐकलं होतं, भाऊजी. वाचलं कोणीच नव्हतं. वाचलं गेलं एका प्रतीतून, सह्या झाल्या दुसरीवर. आता पान घातलं कधी? भोकं सांगतात. चिटणिसांनी अकरा पानं एका दाबात पंच केली, नववं मात्र वेगळं पंच झालं. म्हणजे फाइल तयार झाल्यावर आणि सह्यांच्या आधी. अकरा ते चार. चिटणिसांना बदल करायचा असता, तर त्यांनी घरीच छापताना केला असता आणि भोकं जुळली असती. शिवाय ज्या कलमासाठी ते भांडले, तेच ते कशाला पुसतील? उरले काका, मामा आणि तुम्ही."

निवेदिकाबाईंनी खुर्चीची पाठ धरली.

"ही युक्ती चालायची तर एक गोष्ट आधी ठाऊक हवी, की वाचन फाइलीतून होणार नाही. नाहीतर नववं पान वाचताक्षणी बिंग फुटलं असतं. मोठ्या अक्षरांच्या प्रतीचं शनिवारी दुपारी दोघांनाच माहीत होतं. चिटणिसांना आणि तुम्हाला. ती मागितली तुम्हीच. डोळ्यांचं कारण सांगून. आणि मघाशी दाराच्या फटीत माझ्या कार्डावरची सगळ्यात बारीक ओळ तुम्ही घडाघडा वाचलीत."

आतून पृथ्वीगोल फिरल्याची घरघर येत होती.

"नमुन्याचंच पान का?" भाऊजींनी विचारलं. विचारल्याशिवाय त्यांना चैन पडेना.

"कार्यालयात अडकू नये म्हणून," निवेदिकाबाई म्हणाल्या. तो भरदार आवाज आता नुसता श्वासासारखा झाला होता. "त्यांचंच पान, त्यांना खटकणार नाही. मला फक्त चोविसावं हवं होतं. एकच कलम बदललं असतं, तर नजर तिथेच गेली असती. मुदतीचं डॉक्टरीणबाईंवर येईल, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आलं तेव्हा उशीर झाला होता."

"घसाही बरा आहे तुमचा," वहिनी म्हणाल्या. "फोनवर समोरचा बोलेपर्यंत तुम्ही आवाज काढत नाही. गोष्टी रेकॉर्ड करू देत नाही. तुमचा आवाज कोणी ओळखू नये, एवढीच काळजी आहे. कोण शोधतंय?"

"तिचा बाप."

त्या खाली बसल्या. चार वर्षांपूर्वी त्या मुलीला घेऊन निघाल्या होत्या. त्यांच्या एका हाताचं हाड तेव्हा मोडलेलं होतं. पहिल्या ठिकाणी शेजारणीला विश्वासाने सांगितलं. तिने कोणाला तरी सांगितलं, आणि तीन आठवड्यांत तो दारात उभा राहिला. तेव्हापासून कोणाला सांगायचं नाही, असं ठरवलं. मुलीला शाळेत घातलं नाही, कारण शाळेत नाव लागतं. हा गट सापडला, तेव्हा पहिल्यांदा मुलगी इतर मुलांत हसली.

"सभेत मी म्हटलं होतं की गरज आहे का. चिटणीस म्हणाले, लपवायचंय काय. त्यावर काय बोलणार होते मी?"

भाऊजींनी चाळीस वर्षं रोज सकाळी हजेरी घेतली होती. नाव पुकारायचं, 'हजर' ऐकायचं, टिक करायची. एखादं नाव पुकारण्यानेच कोणी सापडू शकतं, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"काम डॉक्टरीणबाईंनी दिलंय," वहिनी उठत म्हणाल्या. "त्यांच्याशी मी खोटं बोलणार नाही. पण रविवारी चारच्या आधी बोलणारही नाही. तोवर काय करायचं ते तुम्ही ठरवा."

जिना उतरताना भाऊजी कुजबुजले, "त्या रातोरात निघून जातील."

"जाऊ शकतात."

"आणि मग डॉक्टरीणबाई?"

उतरताना वहिनींचा हात कठड्यावर घट्ट होता, हे भाऊजींच्या लक्षात आलं.

*

रविवारी चारला कारखान्यात चार संस्थापक चार कोपऱ्यांत बसले होते. बाकं कोणीतरी पुसून ठेवली होती. मामांनी डॉक्टरीणबाईंकडे पाठ केली होती. चिटणीस घड्याळ बघत होते. पाचवी खुर्ची रिकामी होती.

चार वाजून पाच मिनिटं झाली. डॉक्टरीणबाई वहिनींकडे वळल्या. "सांगा आता. कोण?"

"आणखी पाच मिनिटं थांबा," वहिनी म्हणाल्या.

"थांबण्यातच महिना गेला माझा."

भाऊजींचं सगळं लक्ष दाराकडे होतं. जिन्यावर मुलीचा हात धरून, एक पिशवी घेऊन उतरणाऱ्या निवेदिकाबाई त्यांना सारख्या दिसत होत्या. दहा मिनिटांनी दारात सावली पडली. त्या मुलीला घेऊनच आल्या होत्या. मुलीला बाहेर काकांच्या मुलांजवळ सोडलं, आत आल्या आणि बसल्या नाहीत.

"पान मी बदललं," त्या म्हणाल्या. मग सगळं सांगितलं. या वेळी हातात कागद नव्हता आणि आवाज मधेमधे तुटत होता.

सांगून झाल्यावर काकांनी हातातला पॉलिशपेपर खाली ठेवला. चिटणीस जमिनीकडे बघत होते. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"महिनाभर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "महिनाभर मी चोर होते. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या बाया मला विचारायच्या. तू रस्त्यात भेटायचीस, कशी आहेस म्हणायचीस आणि पुढे जायचीस."

"हो."

"मला एकटीला तरी सांगायचं होतंस."

"एकदा एकीलाच सांगितलं होतं," निवेदिकाबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई उठून दाराशी गेल्या. त्या निघूनच जातात की काय, असं भाऊजींना वाटलं. पण त्या तिथे उभ्या राहून बाहेर खेळणाऱ्या मुलांकडे बघत राहिल्या. मग परत येऊन अध्यक्षांच्या जागी बसल्या आणि चष्मा पुसला.

"चिटणीस, लिहा. ठराव एक : कलम तेवीस, मुदत पुन्हा एक वर्ष. कलम पंचवीस, सूचना सात दिवस. दुरुस्ती कार्यालयात देण्यात यावी. ठराव दोन : कलम चोवीस नोंदलंय तसंच राहील. मुलांची नावं या संस्थेच्या कुठल्याही कागदावर येणार नाहीत. आज इथे जे ऐकलं, ते इतिवृत्तात जाणार नाही. हात वर करा."

मामांचा हात सगळ्यात आधी गेला. मग काकांचा. चिटणीस लिहीत होते. लिहिता लिहिता थांबले, पेन खाली ठेवलं आणि हात वर केला. तो बराच वेळ तसाच ठेवला.

"मी बाहेर पडायला हवं असेल तर पडते," निवेदिकाबाई म्हणाल्या.

"तू पडलीस तर नोंदणी जाईल. बस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज अजून रागावलेलाच होता. "आणि लगेच माफ केलं, असं समजू नकोस. वेळ लागेल मला."

निवेदिकाबाई बसल्या.

सभा संपली, खुर्च्या आवरल्या. डॉक्टरीणबाई फाइल काखेत मारून निघाल्या. दारात थांबल्या आणि मागे न बघता म्हणाल्या, "पिंगाचा सुळा वरून वाकडा येतोय. मी कधीची बघतेय. उद्या अकराला घेऊन ये, तेव्हा दवाखान्यात कोणी नसतं."

"नाव काय लिहाल?" निवेदिकाबाईंनी विचारलं.

"दात बघायला नाव कशाला लागतं?" त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरून गेल्या.